भाची अमेरिकेत चार वर्षं कॉलेजकडून फुटबॉल खेळली, मिडफिल्डर, गोल शून्य. सत्काराच्या वेळी काय बोलू?

गिरगावचा_मामा:

मंडळी नमस्कार, पोस्ट जरा लांबली आहे पण शेवटपर्यंत वाचा आणि मदत करा, माझ्याकडे ११ दिवस आहेत.

माझ्या ताईची मुलगी २०२२ ला बारावी झाल्यावर अमेरिकेत गेली. ओहायो राज्यातलं एक छोटं कॉलेज, विषय बायोलॉजी, आणि चारही वर्षं ती तिथल्या मुलींच्या सॉकर टीममध्ये होती (तिकडे फुटबॉल म्हटलं की वेगळाच खेळ, म्हणून सॉकर). आता डिग्री हातात पडली आणि पुढच्या आठवड्यात ती घरी येतेय. आमच्या चाळीत मे अखेरीला सत्यनारायण असतो, तेव्हा मुलांचा सत्कार होतो, दहावी बारावीवाले, एखादा सीए झालेला. यंदा कमिटीने हिचंही नाव घेतलं आणि मामा म्हणून पाच मिनिटं मी बोलायचं असं ठरलं.

मी हो म्हणून बसलो, आणि मग कॉलेजच्या साइटवर तिचं पान उघडलं. फोटो छान आहे, केस घट्ट बांधलेले, ६ नंबरची जर्सी. खाली लिहिलंय गाव मुंबई, पोझिशन मिडफिल्डर, मग एक तक्ता. २०२२ मध्ये १४ मॅच, त्यापुढे ३ असा आकडा. २०२३ मध्ये ४ आणि ४. २०२४ मध्ये १८ आणि १६. २०२५ मध्ये १९ आणि १९. गोल चारही वर्षं शून्य. असिस्ट एकूण ४. पॉइंट्स पण ४. यलो कार्ड ५. आणि शेवटी, ऑल कॉन्फरन्स सेकंड टीम, २०२५.

मी क्रिकेटवाला माणूस. ह्यातून मला एवढंच कळलं की गोल नाही, दुसऱ्या वर्षी बहुतेक टीमबाहेर होती आणि शेवटच्या वर्षी सेकंड टीममध्ये टाकली. हे माइकवर कसं सांगू? माझी आई, म्हणजे तिची आजी, वय ७९, शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "चार वर्षांत एकपण गोल नाही? मग पोरगी तिकडे धावली कशासाठी?" रागाने नाही म्हणाली, तिला खरंच कळत नव्हतं, आणि मला उत्तर देता आलं नाही ह्याचं मला फार वाईट वाटलं.

एवढं माहितीये की पोरगी जीव ओतून खेळली. चार गणपती हुकले तिचे. आधी पाच वर्षं आठवड्यातून तीनदा चर्नी रोड ते बांद्रा स्लो लोकलने प्रॅक्टिसला जायची, कारण तिच्या शाळेत मुलींची टीमच नव्हती. सातवीत तिने मुलांच्या ट्रायलला नाव दिलं तर सरांनी यादीतून खोडलं होतं, त्या दिवशी ती जिन्यात बसून रडली होती ते मी बघितलंय. त्यामुळे तिच्याबद्दल उगाच गोलगोल बोलायचं नाहीये मला, नीट समजून बोलायचंय. तक्ता कसा वाचायचा आणि मिडफिल्डर नक्की करते काय, कोणी सांगेल का?

पार्ल्याची_आई:

मामा, खूप मनापासून लिहिलंय तुम्ही. माझी मुलगी अंडर १३ खेळते त्यामुळे मी पण शिकायला बसलेय इथे. एक सुचवू का, तिला स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळाली असेल ना, तिथून सुरुवात करा, चाळीतल्या लोकांना ते लगेच कळेल, पोरगी खेळाच्या जोरावर अमेरिकेत शिकली असं.

ओहायोकर_ताई:

नमस्कार मामा. मी कोलंबसला राहते, १६ वर्षं झाली, माझी धाकटी इथेच कॉलेजमध्ये खेळते, त्यामुळे हे सगळं रोजचं आहे.

आधी स्कॉलरशिपचं, कारण ते माइकवर चुकीचं जायला नको. इथे कॉलेजच्या खेळांची एनसीएए म्हणून संघटना आहे आणि तिच्यात तीन डिव्हिजन असतात. वन आणि टू मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देता येते. थ्री मध्ये खेळासाठी एक पैसासुद्धा देता येत नाही, तसा नियमच आहे, तिथे मदत मिळते ती मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर. छोटं कॉलेज आणि ओहायो म्हणताय म्हणजे बहुतेक डिव्हिजन थ्री असणार, कॉलेजच्या पानावर लिहिलेलं असेल, बघून घ्या. आणि थ्री म्हणजे तिसऱ्या दर्जाचं असं अजिबात समजू नका, चारशेच्या वर कॉलेजं आहेत त्यात, आणि ह्या मुली पहाटे जिम, मग लॅब, मग प्रॅक्टिस, मग रात्री अभ्यास असं चार वर्षं फुकट करतात, केवळ खेळायचंय म्हणून. बायोलॉजीच्या लॅब बहुतेक दुपारच्या असतात आणि प्रॅक्टिसपण दुपारचीच. ती कसरत मी घरात बघते रोज.

आता तक्ता. पहिला आकडा म्हणजे किती मॅचमध्ये मैदानात उतरली. दुसरा म्हणजे त्यातल्या किती मॅच पहिल्या मिनिटापासून खेळली, म्हणजे पहिल्या अकरात होती. इथे कॉलेजच्या मॅचमध्ये बदली खेळाडू भरपूर वापरतात, आपण टीव्हीवर बघतो तसं पाचच बदली असं नसतं. पहिल्या हाफमध्ये बाहेर काढलेली मुलगी त्या हाफमध्ये परत येऊ शकत नाही, दुसऱ्या हाफमध्ये मात्र एकदा परत येता येतं. त्यामुळे नुसती मैदानात उतरली ह्याला फार अर्थ नाही, बरोबरीच्या दहाबारा जणी उतरतात. पहिल्या अकरात किती वेळा, ते बघायचं. पहिल्या वर्षी १४ मध्ये ३, म्हणजे नवीन मुलगी, बाकावरून येत होती. शेवटच्या वर्षी १९ पैकी १९. सगळ्या. कोचने सीझनभर एकदाही तिच्याशिवाय मॅच सुरू केली नाही. मामा, तुमच्या भाषणात हा आकडा पाहिजेच.

पॉइंट्स म्हणजे गोलला २ आणि असिस्टला १, म्हणून चार असिस्टचे ४. असिस्ट म्हणजे जिच्या पासवर गोल झाला ती, आणि इथे एका गोलवर दोघींना असिस्ट मिळू शकतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. सेकंड टीम म्हणजे बी टीम नाही हो! कॉन्फरन्स म्हणजे आसपासच्या कॉलेजांचा गट, जे दरवर्षी एकमेकांशी खेळतात. सीझन संपला की त्या गटातले सगळे कोच बसून मतं देतात आणि सगळ्या कॉलेजांतल्या उत्तम खेळाडूंची कागदावर एक टीम बनवतात, ती फर्स्ट टीम, आणि त्यांच्या खालोखाल ज्या, त्यांची सेकंड टीम. म्हणजे तिच्या विरुद्ध खेळलेल्या कोचेसनी तिला निवडलंय. आणि गोलच्या रकान्यात शून्य असताना निवडलंय. अशा वेळी मतं बहुतेक गोल करणाऱ्या मुलींकडे जातात, कारण दुसऱ्या कॉलेजच्या कोचला आकडेच दिसतात. हिला तरी दिली, म्हणजे त्यांना मैदानात ती नडली होती.

२०२३ चं मात्र तुमच्या ताईला विचारा. ४ पैकी ४ पहिल्या अकरात आणि मग एकदम काही नाही, असं टीममधून काढल्यावर दिसत नाही. मला दुखापत वाटते.

पार्ल्याची_आई:

अरे देवा, स्कॉलरशिपचं चुकीचं सांगितलं मी, सॉरी मामा. ताई धन्यवाद, हे मला पण माहीत नव्हतं, आम्ही त्याच आशेवर क्लासची फी भरतोय. आता नीट वाचते.

सहा_नंबर_जर्सी:

मामा, मी माहीमची, मुंबई युनिव्हर्सिटीकडून खेळले, मिडफिल्डच, आणि जर्सी पण ६ च, म्हणून लिहायला आले.

६ नंबर बहुतेक टीममध्ये डिफेन्सच्या पुढे उभ्या राहणाऱ्या मुलीचा असतो. सगळीकडे असंच असतं असं नाही पण गोल शून्य, कार्ड ५, सगळ्या मॅच सुरुवातीपासून, हे एकत्र बघितलं की माझ्या डोळ्यासमोर तीच जागा येते. ह्या जागेवर काय करायचं सांगते. समोरच्या टीमने हल्ला सुरू केला की त्यांचा पास जिथे पडणार आहे तिथे आधी जाऊन उभं राहायचं. बॉल काढला की दोन टचच्या आत जवळच्या मोकळ्या मुलीला द्यायचा, आणि लगेच मागे वळून बघायचं की आपली साइडची बॅक (कडेने बचाव करणारी) वर धावत गेली असेल तर तिची जागा रिकामी पडलीये का, पडली असेल तर ती भरायची. नव्वद मिनिटं हेच. आपण नीट काम केलं तर समोरचीला पास द्यायला जागाच मिळत नाही, ती मागे देते, आणि बघणाऱ्याला वाटतं काही घडलंच नाही. चुकलात तर मात्र सरळ गोल बसतो आणि सगळ्यांना दिसतं. कार्ड पण तिथेच मिळतात, काउंटर अटॅक, म्हणजे त्यांचा अचानक उलटा हल्ला निघाला आणि मागे आपल्या दोघीच उरल्या असतील तर पाय घालावाच लागतो, कार्ड खाऊन गोल वाचवायचा. दोन पूर्ण सीझनमध्ये ३७ मॅच आणि चार वर्षांत पाचच यलो, म्हणजे पोरगी डोकं ठेवून खेळलीये.

कॉलेजच्या स्कोअरशीटमध्ये शॉट, गोल, असिस्ट, सेव्ह, कॉर्नर, फाउल, कार्ड असलंच असतं. बॉल किती वेळा काढला, किती पास बरोबर गेले, हे त्यात नसतंच. त्यामुळे तक्त्यात ती सापडणार नाही मामा, तक्ता तिच्या कामाचा नाहीच आहे.

एक उदाहरण देते, वापरलंत तर वापरा. १९९९ चा महिला वर्ल्ड कप, फायनल अमेरिका आणि चीन, कॅलिफोर्नियातलं रोझ बोल स्टेडियम, ९०,१८५ लोक. सगळ्यांना आठवतो तो ब्रॅन्डी चॅस्टेनचा शेवटचा पेनल्टी आणि जर्सी काढून गुडघ्यावर बसलेला फोटो. पण तिथपर्यंत मॅच गेली कशी? ०-० असताना एक्स्ट्रा टाइममध्ये चीनला कॉर्नर मिळाला, हेडर गोलकीपरला चुकवून आत चालला होता, आणि गोलपोस्टला चिकटून उभी होती क्रिस्टीन लिली, मिडफिल्डर, तिने लाइनवरून डोक्याने तो बाहेर काढला. त्या वेळच्या नियमात एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल बसला की मॅच तिथेच संपायची. तो बॉल आत गेला असता तर चॅस्टेनचा पेनल्टी झालाच नसता. ही लिली पण कॉलेजमधूनच आलेली, नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी, १९८९ ते १९९२ चार वर्षं खेळली आणि चारही वर्षं कॉलेज चॅम्पियन. पुढे देशाकडून ३५४ मॅच, पुरुष आणि बायका धरून एवढ्या कोणीच खेळलेलं नाही.

आणि लोकल ट्रेनचं वाचून माझ्या पोटात कालवलं. मी माहीमवरून चर्चगेटला जायचे, आझाद मैदान, क्रॉस मैदान, कधी कूपरेज. जुलैत आमच्या मॅच असायच्या, आझाद मैदानावर घोट्यापर्यंत चिखल, स्टडमध्ये गवतासकट गोळे बसायचे. मॅच संपली की लेडीज डब्यात दारातच उभी राहायचे, आत गेलं की ऑफिसवाल्या बायका साड्या सावरत "अगं ए, तो चिखल" म्हणायच्या. मी प्लास्टिकच्या पिशवीत स्टड बांधून छातीशी धरायचे. एकदा एक मावशी उठल्या आणि मला म्हणाल्या बस, गुडघ्यातून रक्त येतंय तुझ्या. मला माहीतच नव्हतं येतंय ते. हे पाच वर्षं करून मग ओहायोत जाऊन पहिल्या अकरात जागा मिळवणं, तिथे ज्या मुली पाचव्या वर्षापासून क्लबमध्ये खेळतात, घरचे गाडीने सोडतात, त्यांच्यामधून, हे किती अवघड आहे ते मला विचारा.

ओहायोकर_ताई:

सहा नंबरने अगदी बरोबर लिहिलंय. एक जोडते, इथे मुलींना एवढी मैदानं आणि टीम आहेत त्याचं कारण १९७२ चा टायटल नाइन कायदा. सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळा कॉलेजात मुलगी आहे म्हणून डावलायचं नाही, असा तो कायदा, खेळ त्यातच आले. कॉलेजच्या मुलींची राष्ट्रीय सॉकर स्पर्धा एनसीएएने १९८२ ला सुरू केली, पहिल्या वर्षी जिंकलं नॉर्थ कॅरोलायना, आणि २०२४ धरून त्यांनी २२ वेळा जिंकलीये. रोझ लव्हेल आमच्या ओहायोतलीच, सिनसिनाटीची, मिडफिल्डर, विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीकडून खेळली आणि २०१९ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये नेदरलँड्सविरुद्ध दुसरा गोल तिचा. तुमच्या भाचीचं नाव सातवीत ज्यांनी खोडलं त्यांच्याकडे असा कायदा असता तर खोडणं एवढं सोपं गेलं नसतं.

आणि गणपती हुकणारच होते. सीझन ऑगस्टअखेर सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत चालतो, आठवड्याला दोन मॅच. म्हणजे गणपती, नवरात्र, दिवाळी, सगळं त्यात.

जुना_हाफ:

नमस्कार. मी ७१ वर्षांचा, लालबागचा, आता डोंबिवलीला असतो. आमच्या वेळी मिडफिल्डर हा शब्द नव्हता, हाफ म्हणायचे. लेफ्ट हाफ, राइट हाफ, सेंटर हाफ. मी ऑफिसच्या टीमकडून हाफ खेळलो. कूपरेजला रोव्हर्स कप, म्हणजे मुंबईची जुनी फुटबॉल स्पर्धा, बघायला आम्ही भिंतीवर चढून बसायचो, मोहन बागान, ईस्ट बंगाल आले की पोलिसांना आवरायचं नाही. लोक फॉरवर्डची नावं ओरडायचे. मी मात्र हाफकडे बघायचो, कारण बॉल कुठे जाणार ते त्याच्या मानेवरून कळायचं, बॉल यायच्या आधी तो दोनदा मान वळवून मागे बघून घ्यायचा. भाचीची मॅच मिळाली तर हे बघा. बॉल तिच्याकडे नसताना तिची मान बघा.

माइकवर मिडफिल्डर म्हणू नका, म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावरून जाईल. पेपरात मध्यरक्षक लिहितात, तो शब्द चांगला आहे, मधे उभं राहून राखणारी. आणि आईंना सांगायचं असेल तर कबड्डीवरून सांगा, गिरगाव लालबागच्या माणसाला कबड्डी शिकवावी लागत नाही. चढाई करणाऱ्याच्या नावाने शिट्ट्या पडतात, पण साखळीतली दोन पोरं हात घट्ट धरून कोन धरतात, त्याला रेषेकडे वळू देत नाहीत, तेव्हा कोपऱ्यातल्याला पकड मिळते. दुसऱ्या दिवशी साखळीतल्या पोराचं नाव कुठे येत नाही. पण साखळी सुटली तर काय होतं ते आईंना माहीत असेल.

गिरगावचा_मामा:

दोन दिवस उत्तर देऊ शकलो नाही, माफ करा. सगळ्यांचं तीनतीनदा वाचलं. ताई, पान परत बघितलं, वर बारीक अक्षरात डिव्हिजन थ्री लिहिलेलं आहे, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

२०२३ चं माझ्या बहिणीला, म्हणजे तिच्या आईला विचारलं. ती आधी गप्प बसली, मग सांगितलं. गुडघ्याचं एसीएल लिगामेंट तुटलं होतं, ऑपरेशन झालं, पुढे दहा महिने. आम्हाला सांगितलं होतं पाय मुरगळलाय. आईला त्रास नको म्हणून दोघींनी मिळून ठरवलं होतं. त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला बसले, आरतीच्या वेळी तिचा व्हिडिओ कॉल होता, आणि मला आता आठवतंय की ती पूर्ण वेळ फोन अगदी चेहऱ्याजवळ धरून बसली होती. मी म्हणालो पण, अगं जरा लांब धर, खोली दाखव तुझी. ती हसली आणि म्हणाली, मामा नेटवर्क नाहीये नीट. कुबड्या बाजूलाच असणार.

त्यानंतर २०२४ ला १८ पैकी १६. हे मी आता वेगळ्या नजरेने वाचतो.

जुने हाफ काका, तुम्हाला कसं कळलं माहीत नाही, पण माझी आई लग्नाआधी लालबागला कबड्डी खेळलेली आहे, साडीचा काष्टा मारून. तिला साखळीचं सांगितलं. तिने मान हलवली आणि म्हणाली दाखव मला मॅच.

काल ताईने एका मॅचची लिंक पाठवली, कॉलेजच्या साइटवर सगळ्या रेकॉर्ड केलेल्या असतात. आई तांदूळ निवडायला बसली होती, सूप मांडीवर, लॅपटॉप समोर स्टुलावर ठेवला. सुरुवातीला तिला ६ नंबर सापडेना, सगळ्याच पोरींचे केस सारखे बांधलेले. मग सापडली. थोड्या वेळाने मी बघितलं तर आई सुपातला एकेक दाणा उचलून बाजूच्या वाटीत टाकत होती, खडा नाही, चांगला दाणा. मी विचारलं काय करतेस. म्हणाली, बोलू नकोस, मोजतेय. पोरीने समोरचीकडून बॉल काढला की एक दाणा. पहिला हाफ संपला तेव्हा वाटीत १३ दाणे. आई म्हणाली, "तेरा पकडी. अर्ध्या खेळात." मग चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

एक शंका, ते घड्याळ उलटं का चालतं? ४५ वरून खाली येत होतं आणि मधे मधे थांबत होतं, आईला वाटलं मशीन बिघडलंय.

ओहायोकर_ताई:

मामा, सकाळी सकाळी रडवलंत मला.

बिघडलेलं नाही, कॉलेजच्या मॅचमध्ये घड्याळ उलटंच चालतं. गोल झाला, कार्ड दाखवलं की थांबवतात, आणि शून्यावर आलं की भोंगा वाजून हाफ संपतो. वर इंज्युरी टाइम म्हणून काही नसतं.

अजून एक. ज्या सीझनमध्ये सुरुवातीच्याच मॅचमध्ये दुखापत होऊन बाकीचा सीझन गेला, त्या सीझनसाठी वैद्यकीय कारणावर सूट मागता येते, ती मंजूर झाली तर तो सीझन खर्ची धरत नाहीत. पुढे मास्टर्सला गेली तर खेळायला एक वर्ष शिल्लक असू शकतं. तिने अर्ज केला होता का विचारा, पण सगळ्यांसमोर नको, एकटीला विचारा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मुलींना पुढे खेळायचं की नाही हा प्रश्न फार जपून विचारावा लागतो, माझ्या घरात अनुभव आहे.

पार्ल्याची_आई:

मी काल रात्री मुलीला हे सगळं वाचून दाखवलं. ती मिडफिल्डच खेळते आणि तिची नेहमीची तक्रार, आई तू फक्त गोल केलेल्या मुलीचा व्हिडिओ काढतेस. खरंच आहे, मी बॉलच्या मागे कॅमेरा फिरवते. येत्या रविवारी फक्त तिच्यावर धरणार आहे. एसीएलचं वाचून मात्र धास्ती वाटली, ते टाळता येतं का काही?

सहा_नंबर_जर्सी:

ताई, मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते, आणि पुष्कळदा कोणी धक्का न मारताच होते, उडी मारून खाली येताना किंवा एकदम दिशा बदलताना गुडघा आत वळतो. वॉर्मअप म्हणजे नुसत्या दोन फेऱ्या मारणं नाही. फिफाचा इलेव्हन प्लस म्हणून वॉर्मअपचा क्रम आहे, वीसेक मिनिटांचा, धावणं, तोल सांभाळणं, उड्या, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, तो नियमित केला तर दुखापती कमी होतात हे अभ्यासातून दिसलेलं आहे. तुमच्या कोचना विचारा करून घेतात का. नसतील घेत तर आग्रह धरा, त्याला सामान काही लागत नाही.

आणि मुलीला सांगा, २०२१ ते २०२५ पाचही वर्षं महिलांचा बॅलन डि'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिडफिल्डरनाच मिळालाय, दोनदा अलेक्सिया पुतेयास, मग तीनदा आयताना बोनमाती. आपल्याकडचं बघायचं तर जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून भारताच्या मुली आशियाई कपसाठी पात्र ठरल्या, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, ती पण मिडफिल्डर. कल्याणीची, पश्चिम बंगालमधली. २०२२ ला इथे मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात आशियाई कप होता तेव्हा कोविडमुळे आपल्या टीमला पहिल्या मॅचनंतर बाहेर पडावं लागलं होतं, इराणशी ०-० झालेली ती मॅच, त्यानंतर आम्ही मैत्रिणी कितीतरी दिवस कोणाशी फुटबॉलवर बोललो नव्हतो. म्हणून थायलंडची मॅच संपल्यावर मी घरात एकटी ओरडत होते.

मामा, भाषणाचं काय ठरलं मग?

गिरगावचा_मामा:

ठरलं. कागदावर चार ओळी लिहिल्यात. शाळेत टीम नव्हती तिथून सुरू करतोय, शाळेचं नाव न घेता. मग लोकल. मग १४ पैकी ३, आणि शेवटी १९ पैकी १९. मध्यरक्षक म्हणजे काय ते काकांच्या साखळीवरून. सेकंड टीमचा अर्थ ताईंनी सांगितला तसा. लिलीची गोष्ट वेळ उरला तर. गुडघ्याचं बोलायचं की नाही ते तिला विचारून ठरवेन, ते तिचं आहे.

गोल शून्य हे पण सांगणार आहे. आधी लपवायचं मनात होतं, आता नाही.

आई म्हणते शाल ती स्वतः घालणार, कमिटीचे अध्यक्ष नकोत. आणि आज संध्याकाळी तिला दुसरा हाफ बघायचाय, वाटी आणि तेरा दाणे तसेच झाकून ठेवलेत ओट्यावर.

जुना_हाफ:

दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलतात, ते आईंना आधी सांगून ठेवा. नाहीतर पोरगी उलट्या दिशेला खेळतेय असं वाटेल आणि मोजणी चुकेल.

गिरगावचा_मामा:

सांगितलं काका. म्हणाली, कबड्डीत पण बदलतात, मला काय शिकवतोस.